कंबोबॉक्समध्ये प्रत्येक फाँट त्याच्याच रूपात दाखवायचा असेल तर

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. एका छापखान्यासाठी तुम्ही सी शार्प आणि विनफॉर्म्समध्ये (विंडोजवर खिडक्या-बटणं बनवायची डॉटनेटची यंत्रणा) लग्नपत्रिका, व्हिजिटिंग कार्डं जुळवायचं छोटं ॲप्लिकेशन लिहिताय. त्यात फाँट निवडायला कंबोबॉक्स, म्हणजे क्लिक केल्यावर खाली यादी उघडणारी चौकट, आहे. यादीतलं प्रत्येक नाव त्या त्या फाँटमध्ये दिसावं आणि शेजारी मराठी नमुनाही दिसावा, अशी मालकांची मागणी आहे. तुम्ही करून पाहिलं, पण आधी ड्रॉआयटम इव्हेंट, म्हणजे ‘आता ही ओळ काढ’ अशी सूचना, येतच नव्हता. तो आला तर फॉर्म उघडताच ॲप्लिकेशन कोसळायला लागलं. ते सावरलं तर वेलांट्या वरून कापल्या जातायत आणि फॉर्म उघडायला सात-आठ सेकंद लागतायत. शिवाय परवाना नसलेले फाँट करडे करून ‘बंद’ करता येतील का, हेही विचारलंय.

इव्हेंट न येण्याचं कारण आधी सांगून टाकतो. कंबोबॉक्सची ड्रॉमोड ही प्रॉपर्टी मुळात नॉर्मल असते. ती ओनरड्रॉफिक्स्ड किंवा ओनरड्रॉव्हेरिएबल केल्याशिवाय विंडोज तुम्हाला काही विचारत नाही, तुम्ही हँडलर (इव्हेंट आल्यावर चालणारं आपलं फंक्शन) कितीही जोडा. आणि ड्रॉपडाउनस्टाइल ही ड्रॉपडाउनलिस्ट ठेवा. नुसती ड्रॉपडाउन ठेवलीत तर वरच्या चौकटीत टाइप करायचा खराखुरा टेक्स्टबॉक्स बसतो. तो स्वतःचं स्वतः काढतो, तिथे तुमचा ब्रश पोचत नाही.

बाकीच्या अडचणींपैकी काहींचं मूळ मात्र एका गैरसमजात आहे. आपण कंबोबॉक्सला एक वस्तू समजतो, प्रत्यक्षात त्या दोन आहेत: बंद असताना दिसणारी चौकट आणि खाली उघडणारी यादी. ओनरड्रॉ म्हटलं की दोन्हीकडच्या ओळी काढायची जबाबदारी तुमची, आणि दोन्हींसाठी येणारा इव्हेंट मात्र एकच. कुठली ओळ कुठे काढायची आहे हे तुम्ही विचारलं नाहीत, तर गोंधळ ठरलेला.

आत काय चालतं ते पाहू. विंडोजकडून दोन निरोप येतात, एक मोजायचा आणि एक काढायचा. विंडोजच्या रिवाजाप्रमाणे ते कंट्रोलच्या पालक खिडकीकडे जातात. विनफॉर्म्स ते पालकाकडून परत कंट्रोलकडे वळवतं, म्हणून तुम्हाला ते कंबोबॉक्सचेच इव्हेंट वाटतात. मोजायचा तो मेझरआयटम, काढायचा तो ड्रॉआयटम. काढताना हातात चार महत्त्वाच्या गोष्टी मिळतात: कागद म्हणजे ग्राफिक्स, जागा म्हणजे बाउंड्स, ओळीचा क्रमांक म्हणजे इंडेक्स आणि अवस्था म्हणजे स्टेट.

तुमचं ॲप्लिकेशन इंडेक्सवर कोसळतंय. फॉर्म उघडतो तेव्हा काहीच निवडलेलं नसतं, पण बंद चौकट तर रंगवायला हवी. म्हणून विंडोज इंडेक्स उणे १ देऊन बोलावते. तुम्ही थेट आयटम्समधून त्या क्रमांकाची वस्तू मागता, आणि उणे १ क्रमांकाची वस्तू नसते. हँडलरच्या पहिल्याच ओळीत पार्श्वभूमी रंगवा आणि इंडेक्स शून्यापेक्षा लहान असेल तर परत फिरा. क्रम हाच ठेवा. आधी परत फिरलात तर चौकटीत मागच्या निवडीचा भुताटकीसारखा ठसा राहतो.

बंद चौकट ओळखायची खूण स्टेटमध्ये असते: कंबोबॉक्सएडिट हा फ्लॅग. तो लागलेला असेल तर तुम्ही वरच्या चौकटीत काढताय, नसेल तर यादीत. तुमच्या कामात याचा थेट उपयोग आहे. यादीत नाव आणि नमुना दोन्ही काढा, चौकटीत फक्त नाव, तेही साध्या यूआय फाँटमध्ये, म्हणजे बटणं-लेबलांच्या नेहमीच्या फाँटमध्ये. चौकट अरुंद असते, तिथे नमुना कोंबला की दोन्ही वाचता येत नाहीत. यादीची रुंदी ड्रॉपडाउनविड्थने चौकटीपेक्षा मोठी करता येते, ती खुशाल दुप्पट करा. एक छोटं नुकसान आधीच सांगतो: व्हिस्टापासून ड्रॉपडाउनलिस्टची बंद चौकट बटणासारखी दिसते, ओनरड्रॉ केल्यावर ती पांढऱ्या खोक्यासारखी दिसू लागते. मी ते तसंच सोडतो. आजवर एकाही गिऱ्हाइकाने त्यावर बोट ठेवलेलं नाही.

आता कापल्या जाणाऱ्या वेलांट्या. ओळीची उंची ठरवताना बहुतेक जण यूआय फाँटची उंची घेतात, आणि यूआय फाँट असतो सेगो यूआय किंवा मायक्रोसॉफ्ट सॅन्स सेरिफ. या दोन्हींत देवनागरी नाही. मराठी मजकूर आला की विंडोज गुपचूप दुसऱ्या फाँटची अक्षरं उसनी आणते. विंडोज ७ वर ती मंगलची, विंडोज ८ पासून निर्मला यूआयची. तुम्ही उंची मोजलीत एकाची, काढलंत दुसऱ्याचं. त्यात मंगलची ओळ नुसतीच उंच. इंग्रजीला वर-खाली फारसं काही लागत नाही. आपल्याकडे वर रफार, वेलांटी, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार.

उंची तपासायला मी एकच शब्द वापरतो, ‘मूर्तींना’. त्यात खाली दीर्घ ऊकार आहे, आणि वर एकाच अक्षरावर वेलांटी, रफार, अनुस्वार तिन्ही एकमेकांना खेटून बसलेत. हा शब्द पूर्ण दिसला तर बाकीची मराठी दिसतेच. ‘नमस्कार’ लिहून तपासू नका, त्याच्या डोक्यावर काहीच नाही.

उंची आकडा म्हणून कोडमध्ये लिहू नका. टेक्स्टरेंडररच्या मेझरटेक्स्टला नमुन्याचा शब्द आणि ज्यात तो काढणार तो फाँट देऊन मोजा, आणि वर-खाली दोन-तीन पिक्सेल सोडा. ते दोन-तीन पिक्सेलही स्क्रीनच्या डीपीआयप्रमाणे (एका इंचात किती ठिपके) वाढवा. विंडोजचं डिस्प्ले स्केलिंग १०० टक्के असेल तर ९६ डीपीआय, १५० टक्के असेल तर १४४. डॉटनेट फ्रेमवर्क ४.७ पासून प्रत्येक कंट्रोलला डिव्हाइसडीपीआय विचारता येतो. छापखान्यातल्या डिझायनरचा मॉनिटर मोठा आणि काउंटरचा जुना असतो, त्यामुळे ‘माझ्याकडे तर बरोबर दिसतं’ हे वाक्य तिथे रोज ऐकू येतं.

आणि हे फाँट तर नाना तऱ्हेचे. पत्रिकेचे कॅलिग्राफीवाले काही फाँट १२ पॉइंटलाही दीड ओळ खातात. त्यांच्या हिशेबाने सगळ्या ओळी वाढवल्या तर यादी विरळ होते. मी एक कमाल उंची ठरवतो आणि जो फाँट तिच्यात मावत नाही त्याचा नमुना थोडा बारीक पॉइंटमध्ये काढतो. नमुना बघायला असतो, मोजायला नाही.

तुमचे सात-आठ सेकंद कुठे जातायत हे तुम्ही दिलेल्या कोडवरूनच दिसतं. तुम्ही ओनरड्रॉव्हेरिएबल घेतलंय आणि मेझरआयटममध्ये प्रत्येक फाँट तयार करून त्याची उंची मोजताय. ड्रॉआयटम फक्त डोळ्यांसमोरच्या आठ-दहा ओळींसाठी येतो. मेझरआयटम मात्र व्हेरिएबल प्रकारात यादीतल्या प्रत्येक वस्तूसाठी येतो, आणि तोही यादी भरतानाच. तीनशे फाँट असले तर यादी उघडायच्या आधीच तीनशे फाँट तयार होऊन मोजले जातात.

यावर ‘फिक्स्ड वापरा’ असं सरळ उत्तर मिळतं, आणि ते चूक नाही. पण फिक्स्डमध्ये आयटमहाइट वाढवली की यादीच्या ओळींबरोबर बंद चौकटही जाडी होते आणि फॉर्मवर शेजारच्या टेक्स्टबॉक्सांच्या रांगेत ती वेडीवाकडी दिसते. मग विंडोजला सीबी-सेटआयटमहाइट हा संदेश उणे १ क्रमांकासह पाठवून चौकटीची उंची वेगळी कमी करावी लागते. चालतं, पण मला त्याहून सोपी वाट आवडते. व्हेरिएबलच ठेवा, मात्र मेझरआयटममध्ये काहीही न मोजता आधी काढून ठेवलेला एकच आकडा प्रत्येक ओळीला द्या. विनफॉर्म्स बंद चौकटीसाठी मेझरआयटम उठवतच नाही, तिची उंची आयटमहाइटवरून घेतं. म्हणजे चौकट सडपातळ, यादीच्या ओळी ऐसपैस, आणि फॉर्म उघडताना एकही फाँट तयार होत नाही.

फाँट तयार करायचे ते ड्रॉआयटममध्ये, पहिल्यांदा गरज पडेल तेव्हा, आणि नावाच्या किल्लीने डिक्शनरीत ठेवायचे. दर वेळी नवा फाँट, नवा ब्रश करू नका. माउस एक ओळ सरकला तरी दोन ओळी पुन्हा काढल्या जातात, जुनीचा निळा रंग उतरवायला आणि नवीला चढवायला. फाँट बनवण्याआधी त्या कुटुंबाला साधी शैली आहे का हे इझस्टाइलअव्हेलेबलने विचारा. काही फाँट फक्त ठळक असतात, त्यांना रेग्युलर मागितलं की अपवाद फेकला जातो आणि तो नेमका गिऱ्हाइकाच्याच मशीनवर फेकला जातो.

यादी इन्स्टॉल्डफाँटकलेक्शनमधून भरत असाल तर काही फाँट तिथे दिसणारच नाहीत. ती जीडीआय प्लस या विंडोजच्या चित्र काढणाऱ्या लायब्ररीची यादी आहे आणि त्याला ट्रूटाइप रेषांचेच फाँट कळतात. पोस्टस्क्रिप्ट रेषांचे ओटीएफ आणि जुने टाइप १ त्यातून गळतात. मालक म्हणणार, ‘कोरलमध्ये दिसतो, तुमच्यात का नाही?’ मुक्ता, बालूसारख्या फाँटची टीटीएफ आवृत्ती टाकून घ्या, प्रश्न मिटतो.

आता नमुन्याकडे येतो. खरा घोळ इथेच आहे. समजा शेजारी ‘श्री’ काढायचं ठरलं आणि प्रत्येक ओळीत त्या ओळीच्या फाँटने काढलं. एरिअल, टाइम्स न्यू रोमन, व्हर्डाना, सगळ्यांपुढे सुबक ‘श्री’ येईल, आणि सगळीकडे एकच. कारण वर सांगितलं ते: फाँटमध्ये देवनागरी नसेल तर विंडोज उसनी आणते. डिझायनरला वाटेल व्हर्डानात मराठी येतं. म्हणून नमुना काढण्याआधी फाँटमध्ये अक्षर खरंच आहे का ते तपासायला हवं. त्यासाठी जीडीआयचं, म्हणजे विंडोजच्या त्याहून जुन्या चित्रयंत्रणेचं, गेटग्लिफइंडिसेस हे फंक्शन आहे. ‘नसलेली अक्षरं खुणावून दे’ असा फ्लॅग देऊन त्याला ‘क’ विचारा. अक्षर नसेल तर ६५५३५ हा आकडा परत येतो. नसलेल्या फाँटपुढे मी नमुन्याऐवजी बारीक करड्या अक्षरांत ‘इंग्रजी’ असं लिहितो.

ही तपासणी मी पहिल्यांदा लिहिली तेव्हा स्वतःच पाय घसरून पडलो होतो. फंक्शनला जीडीआयचा फाँट लागतो, तो टूएचफाँटने मिळतो, आणि मिळालेलं हँडल (विंडोजकडच्या त्या फाँटची जणू पावती) डिलीटऑब्जेक्टने आपणच मोडायचं असतं. कचरा गोळा करणारा डॉटनेट त्याच्याकडे बघत नाही. मी ते मोडलं नव्हतं, आणि वर तपासणी थेट ड्रॉआयटममध्ये ठेवली होती. माझ्या मशीनवर दोन आठवडे सगळं उत्तम चाललं. मग एका डीटीपीवाल्याचा फोन आला: ‘सकाळी नीट चालतं, जेवणानंतर बटणांवरची चित्रं जातात, मग खिडकी अर्धीच दिसते, बंद करून उघडलं की पुन्हा ठीक.’ मध्येच ‘मेमरी संपली’ असाही निरोप येत होता, आणि मशीनची निम्मी मेमरी तर रिकामी. दोन दिवस मी प्रिंटर ड्रायव्हरवर संशय घेतला.

शेवटी त्यालाच टास्क मॅनेजरच्या डीटेल्स टॅबमध्ये जीडीआय ऑब्जेक्ट्सचा रकाना उघडायला सांगितला आणि फोनवर आकडे वाचून घेतले. यादी उघडली, आकडा वाढला. चाक फिरवलं, वाढला. यादी बंद केली, पण तो उतरला नाही. एका प्रोसेसला अशी १०,००० हँडल्स मिळतात. अडीचशे फाँटांची यादी एकदा वरून खाली पाहिली की निदान अडीचशे गेली; चाळीसेक वेळा पाहिली की खातं रिकामं. आमचा डीटीपीवाला प्रत्येक पत्रिकेला ती यादी दोनदा चाळायचा.

धडा घेऊन आता मी तपासणी यादी भरतानाही करत नाही आणि काढतानाही नाही. ॲप्लिकेशन सुरू झाल्यावर मागच्या थ्रेडवर एकदाच करतो, उत्तर हो-नाही एवढंच डिक्शनरीत ठेवतो, आणि हँडल त्याच फंक्शनच्या फायनली भागात (मध्ये चूक झाली तरी जो चालतोच) मोडतो. उत्तर यायच्या आधीच कोणी यादी उघडली तर नमुन्याची जागा रिकामी राहते, बिघडत काही नाही.

छापखान्यात याहून अवघड जात म्हणजे युनिकोडच्या आधीचे फाँट. कृतिदेव, श्रीलिपीचे जुने फाँट आणि त्यांची भावंडं. त्यांत देवनागरीच्या आकृत्या इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेल्या असतात. ‘प्रत्येक नाव त्याच्याच फाँटमध्ये’ हा नियम त्यांना लावलात की इंग्रजी नावाच्या जागी जोडाक्षरांचा काला दिसतो आणि कुठला फाँट कुठला ते कोणालाच कळत नाही. वर ‘क’ची तपासणी त्यांना ‘देवनागरी नाही’ म्हणते, जे तांत्रिकदृष्ट्या खरं आणि गिऱ्हाइकाच्या दृष्टीने हास्यास्पद. म्हणून मालकांची मागणी थोडी वळवा: नाव नेहमी यूआय फाँटमध्ये डावीकडे, आणि फाँटचं रूप फक्त उजवीकडच्या नमुन्यात. जुन्या फाँटचा नमुनाही त्याच्या त्याच्या मांडणीप्रमाणे द्यावा लागतो. कृतिदेवमध्ये मोठा जे आणि लहान एच शेजारी ठेवले की ‘श्री’ उमटतं. दुसऱ्या कुटुंबात त्याच दोन अक्षरांचं भलतंच काही होतं. हे फाँट आपोआप ओळखायची खात्रीची युक्ती माझ्याकडे नाही. त्या छापखान्यात जे आहेत त्यांच्या नावांच्या सुरुवाती आणि प्रत्येकीचा नमुना एका छोट्या फाइलमध्ये ठेवतो. एक दुपार जाते, पण डिझायनर खूश होतो.

मजकूर काढताना ड्रॉस्ट्रिंग नको, टेक्स्टरेंडररचा ड्रॉटेक्स्ट वापरा. बाकीचे कंट्रोल्स डॉटनेट २.० पासून त्याच वाटेने लिहितात, त्यामुळे अक्षरांची जाडी आणि अंतर जुळतं, आणि मोजणं-काढणं एकाच यंत्रणेने होतं. अपवाद एकच: मेमरीतून चढवलेले खासगी फाँट जीडीआयला दिसत नाहीत, त्यांना ड्रॉस्ट्रिंगच लागतो. ड्रॉटेक्स्टला उभं मध्यभागी, एकच ओळ, शेवटी टिंबं हे फ्लॅग द्याच, आणि नोप्रीफिक्स विसरू नका. तो नसेल तर नावातलं अँडचं चिन्ह गिळलं जातं आणि पुढच्या अक्षराखाली रेघ येते.

रंग स्वतः ठरवू नका. इव्हेंटबरोबर येणारे फोरकलर आणि बॅककलर निवडलेल्या ओळीला आपोआप बदलून मिळतात, हाय कॉन्ट्रास्टमध्येही. मी एका प्रकल्पात हौसेने फिकट केशरी निवड केली होती. हाय कॉन्ट्रास्ट लावणाऱ्या एका ज्येष्ठ मुद्रितशोधकांना पिवळ्या अक्षरांवर केशरी पट्टी दिसली.

करड्या ओळींबद्दल: काढता येतात, बंद करता येत नाहीत. ओळ ‘निष्क्रिय’ असू शकते ही कल्पनाच विंडोजच्या कंबोबॉक्सला नाही. तुम्ही करडं रंगवलंत तरी माउसने निवडता येतं, बाणाच्या कळीने त्यावर जाता येतं, चाकानेही. मग निवड झाल्यावर ती मागे फिरवायची, आणि कळीने खाली जाणारा माणूस करड्या ओळीपाशी अडकून बसतो कारण प्रत्येक वेळी त्याला मागे ढकललं जातं. परवाना नसलेले फाँट यादीतून काढून टाका आणि यादीखाली ‘१२ फाँट परवान्याअभावी लपवले’ असं लेबल लावा.

यादीत स्वतःच्या क्लासच्या वस्तू ठेवत असाल तर टूस्ट्रिंग लिहा किंवा डिस्प्लेमेंबर द्या. तुम्ही चित्र कसंही काढा, स्क्रीनरीडर वाचतो तो त्या मागचा मजकूर, आणि कळफलकावर ‘एम’ दाबून ‘मुक्ता’वर उडी मारणंही त्यावरच चालतं. नाही लिहिलंत तर अंध वापरकर्त्याला प्रत्येक ओळीवर क्लासचं नाव ऐकू येतं.

पुढे डब्ल्यूपीएफकडे (विनफॉर्म्सनंतरची मायक्रोसॉफ्टची यंत्रणा) जाणार असाल तर यातलं बरंच गळून पडतं, तिथे आयटमटेम्प्लेट, म्हणजे एका ओळीचा आराखडा, लिहिला की झालं. मात्र तिथला कंबोबॉक्स मुळात आभासी पॅनेल (दिसतील तेवढ्याच ओळी तयार करणारं) वापरत नाही, तीनशेच्या तीनशे ओळी उघडतानाच तयार करतो. आयटम्सपॅनेलमध्ये व्हर्च्युअलायझिंगस्टॅकपॅनेल घालावं लागतं. क्यूटी या सी प्लस प्लसच्या लायब्ररीत फाँटचा कंबोबॉक्स तयार मिळतो. जावाच्या स्विंग या लायब्ररीत ओळ काढायला लिस्टसेलरेंडरर असतो, आणि तिथेही उणे १ येतो, फक्त अर्थ वेगळा: ‘काही निवडलेलं नाही’ असा नव्हे, तर ‘बंद चौकटीसाठी काढतोय’ असा. विनफॉर्म्समधून तिकडे गेलेले लोक उणे १ ला परत फिरतात आणि चौकट कायम रिकामी का म्हणून डोकं खाजवतात.

बदल केल्यावर तीन गोष्टी पाहा आणि मग मालकांना दाखवा: १५० टक्क्यांवर ‘मूर्तींना’ पूर्ण दिसतंय का, काहीच न निवडता फॉर्म उघडतोय का, आणि यादी दहा वेळा वरून खाली चाळल्यावर जीडीआयचा आकडा जागेवर थांबतोय का. तिसरा आकडा पहिल्या एक-दोन वेळा थोडा चढेल, ते ठीक. दहाव्या वेळीही चढत असेल तर कोड इथे टाका, मी बघतो.